डाग कुणाचा

“मामा, बाथरूमला जाऊन आलात ना? कपड्यांना, अंगाला कुठे थेंब लागला नाही ना?”

“नाही,” मामा म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

हा प्रश्न मी दिवसाला पाच-सहा जणांना विचारते. स्कॅनच्या आधी शिरेतून एक औषध देतात. ते तासाभरात अंगभर फिरतं, जिथे रोगाच्या पेशी असतील तिथे चिकटून बसतं आणि चित्रात त्या जागी ठिपका चमकतो. उरलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे एखादा थेंब मांडीला किंवा कपड्याला लागलेला असला, तरी तोही तसाच चमकतो. रोग कुठला आणि ओला कपडा कुठला, हे मशीनला कळत नाही, ते आम्हालाच विचारून घ्यावं लागतं. आणि या प्रश्नाला पुरुषमाणूस जितक्या झटकन ‘नाही’ म्हणतो, तितक्या झटकन तो बायकोच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नसेल.

एरवी मी दुसऱ्यांदा विचारते. मामांना विचारलं नाही. चोवीस वर्षांच्या ओळखीत ते माझ्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. मी त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, हात डोक्यावर घ्यायला लावले आणि पोटावरचा पट्टा आवळला.

“फार आवळू नकोस मॅडम. पळून जाऊन जाणार कुठे?”

“तुमचा काही नेम नाही.”

“या वयात?” म्हणाले आणि डोळे मिटले.

मी या विभागाची प्रमुख झाले त्या दिवसापासून मामा मला मॅडम म्हणतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात अगंतुगं करतात. ते माझे नात्यातले मामा नव्हेत. अख्खं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणायचं, डीन साहेबसुद्धा. जुन्या इमारतीत एक्स-रे विभागामागे डार्करूम होती आणि तीस वर्षं ती मामांची होती. मी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा मला पहिल्या दिवशी त्यांच्या हाताखाली दिलं. आत एक लाल दिवा, तोही न लावल्यासारखा. ओळीने तीन टाक्या, फिल्म धुवायच्या रसायनांच्या. व्हिनेगरसारखा वास नाकात बसायचा, तो घरी गेल्यावर जेवतानाही यायचा. मामांची नखं त्या पाण्याने कायमची तपकिरी झाली होती. अंधारात घड्याळ दिसायचं नाही म्हणून फिल्म पहिल्या टाकीत सोडली की ते तोंडाने मोजायचे. एक, दोन, तीन, करत दोनशे चाळीसपर्यंत. मधे कुणी काही विचारलं तरी आकडा चुकायचा नाही. बोलणं झालं की पुढचा आकडा बरोबर धरायचे. हे कसं जमतं ते मला कधी कळलं नाही.

तिथे दाराचा एक शिरस्ता होता. बाहेरून दोनदा ठोठावायचं आणि ‘येऊ का’ विचारायचं. आतून ‘या’ आलं तरच दार उघडायचं. फिल्म अजून शेवटच्या टाकीत गेली नसेल तर मामा म्हणायचे, “थांब, उजेड नको अजून.” मग कुणीही असो, बाहेर उभं राहायचं.

पहिल्याच आठवड्यात मी न ठोठावता आत शिरले. उजेड लागून तीन फिल्म गेल्या. आता नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. मामांनी आवाज चढवला नाही. ते हात पुसून बाहेर गेले, तिघा पेशंटना हात जोडून म्हणाले, “माझ्या हातून खराब झाली, परत एकदा या.” मी मागे उभी होते. आत आल्यावर मी रडायला लागले तर म्हणाले, “रडायचं असेल तर इथेच रड. अंधार आहे, फुकट आहे.”

मामांचं शिक्षण किती होतं मला माहीत नाही, बहुतेक आठवी. पण एक्स-रे वाचायला डॉक्टर नंतर यायचे, पहिले डोळे मामांचे. ओली फिल्म हँगरला लटकवून ते आधी चारही कोपरे बघायचे, मग कडा, आणि शेवटी मधला माणूस. कुठे डाग दिसला की त्यांचा एकच नियम होता. डाग आधी आपला, मग पेशंटचा. म्हणजे आधी स्वतःचे हात तपासायचे, टाकी तपासायची, फिल्म ज्या चपट्या पेटीत घालतात ती कॅसेट तपासायची. मला पाठ व्हावं म्हणून ते प्रश्न विचारायचे आणि मी उत्तरं द्यायची. कॅसेट बदलली? बदलली. धुतलं? धुतलं. परत काढली? काढली. डागाची जागा तीच? तीच. “मग आपला नाही,” मामा म्हणायचे, “पेशंटचा आहे.” आणि हे म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की कधीकधी मला ओठांवरून ओळखावं लागायचं. लाल दिव्यात तेही नीट दिसायचं नाही.

एका बसच्या ड्रायव्हरच्या फुप्फुसात पांढरा डाग आला होता. वरच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं, घरच्यांची रडारड सुरू झाली. मामांना काही ते पटेना. त्यांनी त्या आठवड्यातल्या सगळ्या फिल्म काढून समोर मांडल्या. त्याच कोपऱ्यात, त्याच मापाचा डाग आणखी दोघांच्या छातीत होता. मग त्यांनी एकेक कॅसेट उघडली. एकीच्या आत चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा निघाला. ड्रायव्हर हसत घरी गेला आणि पुढे बरीच वर्षं मामांना बसमध्ये तिकीट काढू देत नव्हता. मामा तरी काढायचेच.

नंतर फिल्म गेली. सगळं पडद्यावर यायला लागलं, टाक्या भंगारात गेल्या आणि डार्करूममध्ये झाडू-बादल्या ठेवायला लागले. मामांना शेवटची पाच वर्षं सीडी पाकिटात घालायच्या खिडकीवर बसवलं. मी एकदा विचारलं होतं, उजेडात बरं वाटत असेल ना आता. ते म्हणाले, “तिथे सोय होती. वाईट बातमी सगळ्यात आधी मला कळायची आणि माझं तोंड कुणाला दिसायचं नाही. इथे पाकीट देताना पेशंट माझ्या तोंडाकडे बघतो.”

दोन वर्षांपूर्वी मामांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. पुढे दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. त्यातला आकडा शून्याला टेकलेला राहायला हवा, आणि दीड वर्ष तो राहिला. मग दशांश दोन झाला, मग पाच, मग नऊ. आकडा लहान होता, पण वर चाललेला होता. आधीच्या दोन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. काहीतरी परत आलंय हे रक्त सांगत होतं आणि कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून सर्जननी त्यांना आमच्याकडे, या नव्या मशीनकडे पाठवलं. हे मशीन अगदी बारीक गोष्टही दाखवतं.

सर्जननी मामा-मामी दोघांना समोर बसवून साधं सांगितलं होतं. ऑपरेशनच्याच जागी परत आलं असेल तर रेडिएशनचा शेक देऊ, बरे होण्याची आशा चांगली आहे. हाडात गेलं असेल तर मग औषधं देऊन दाबून ठेवायचं, मुळापासून काढता येणार नाही. मामांनी हे मला सकाळी जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं, मधल्या थांब्यांसकट. तारखेप्रमाणे लावलेल्या रिपोर्टची फाइल त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा त्यांच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. ती अजून तपकिरीच होती.

मामी बाहेर बाकावर होत्या, मांडीवर मोठी कापडी पिशवी घेऊन. इंजेक्शननंतर तासभर थांबायचं असतं, तेव्हा मी दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसले होते.

“घरी कसे आहेत?” मी विचारलं.

“कसे असायचे? शहाण्यासारखे वागताहेत, म्हणून काळजी वाटते. ऑपरेशन झाल्यापासून स्वतःचे कपडे स्वतः धुतात. म्हणे, हात पाण्यात असले की बरं वाटतं, डार्करूमची सवय आहे.”

“बरं आहे की मग.”

“बरंच आहे,” मामी म्हणाल्या. “तीस वर्षं त्या टाक्यांत हात होते, तेव्हा घरी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही कधी.”

मी हसले आणि उठले. मला तेव्हा कळायला हवं होतं.

स्कॅनला वीस मिनिटं लागली. संपल्यावर मी मामांचा पट्टा सोडला आणि काचेच्या अलीकडे, पडद्यासमोर येऊन बसले. चित्र जुळून आलं. लाळेच्या ग्रंथी, मूत्रपिंडं, मूत्राशय नेहमीसारखे लखलखत होते, ते सगळ्यांचेच लखलखतात. ऑपरेशनच्या जागी काही नव्हतं. माझी नजर खाली आली. उजव्या मांडीच्या वरच्या टोकाला एक ठिपका होता. आणि एक डाव्या बाजूला, मागे, कमरेच्या हाडापाशी.

आडवे काप काढून बघायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. मांडीचा ठिपका अगदी कातडीवर, वरच्यावर होता. कमरेचा हाडाच्या आत होता. रिपोर्ट देणं माझं काम नाही, ते डॉक्टर देतात, पण इतकी वर्षं बघून डोळ्यांना कळतंच. मी पुन्हा अख्ख्या अंगाचं उभं चित्र लावलं आणि डॉक्टरांना फोन करायला हात उचलला.

तेवढ्यात दारावर दोनदा ठोठावलं. “येऊ का?”

“या मामा,” मी म्हणून गेले.

पेशंटला या खोलीत यायला बंदी आहे. दारावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं आहे, आणि ती पाटी मीच लावून घेतली आहे. पण डार्करूममध्ये मी आत असले की मामाही असेच दोनदा ठोठावून विचारायचे, आणि तेव्हा ‘या’ म्हणणारं तोंड आज माझ्या आधी बोलून गेलं. पडदा बंद करायचं सुचेपर्यंत मामा आत होते.

हॉस्पिटलचा ढगळ गाउन, पायात मोजे. माझ्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी आधी चारही कोपरे बघितले. मग कडा. मग मधला माणूस, म्हणजे स्वतःला.

“हे दोन काय आहेत?”

“डॉक्टर बघतील ना मामा.”

“डॉक्टर बघतीलच. तुला मी विचारतोय.”

माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून मी फाइल चाळायला लागले. मग मामा बाजूच्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मी तुझ्याशी खोटं बोललो मघाशी.”

“काय?”

“गळतं मला. ऑपरेशन झाल्यापासून. खोकलो की, शिंकलो की, खुर्चीतून उठलो की. कपड्याची घडी लावतो आत. आज सकाळी दोन लावल्या होत्या. आत जायच्या आधी एक काढली, म्हटलं मशीनला जाड लागायला नको. तुझ्या त्या उशीवर पाय घेतले तेव्हाच झालं थोडं.”

हे पुष्कळांना होतं, मामा, असं काहीतरी मी म्हणाले.

“पुष्कळांना होत असेल. मी कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. दोन वर्षं.” मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. बोट काचेला लागू दिलं नाही. फिल्मलाही ते कधी मधे हात लावत नसत. “म्हणजे हे दोन्ही माझेच असणार. ओल्याचे. पुढचा मांडीला लागला, मागचा खाली झिरपला असेल. बरोबर ना? झोपलो होतो, पाठीखाली गेला असेल.”

“मामा...”

“डाग आधी आपला. तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“मग धुऊन परत काढ. चल. मी धुतो स्वच्छ.”

ते उठले. चेहरा उजळला होता. दोन वर्षं जी गोष्ट दार लावून नळाखाली धुतली, ती ते आता मोठ्याने बोलत होते. दार अर्धं उघडं होतं, बाहेर सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. ही घाण असावी, नुसती घाण असावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांना इतकं खूश मी फार वर्षांत बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वाईट हा शब्दही पुरत नाही.

मी सांगू शकले असते. कमरेचा हाडात आहे, मामा, मी काप बघितलाय. सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वरून चित्र उघडलं. “मांडीचा कपड्याचाच आहे,” ते म्हणाले, “कमरेचा...” आणि थांबले. मग म्हणाले, “कपडे बदलून, बाथरूमला पाठवून कमरेचा भाग परत घ्या. तसाही घ्यायलाच हवा.” पुढचा पेशंट इंजेक्शन घेऊन तयार होता. मी त्याला अर्धा तास बसवलं आणि त्याच्या मुलाचं बोलणं ऐकून घेतलं.

नवा गाउन मी दिला, पण आतला कपडा आमच्याकडे नसतो. मी बाहेर मामींकडे गेले. परत एकदा छोटा स्कॅन घ्यायचाय म्हणाले, आणि पुढचं कसं बोलावं याचा विचार करत उभी राहिले.

“कपडे हवेत ना?” मामी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीत हात घातला. वर पाण्याची बाटली होती, छत्री होती, त्यांची शाल होती. सगळ्यांत तळातून त्यांनी एक पायजमा काढला, आत दुसरे कपडे घालून चौकोनी घडी केलेला.

“तुम्हाला माहीत आहे?”

“दोन वर्षं हे ओझं घेऊन फिरते. लग्नाला गेलो तरी, बँकेत गेलो तरी. रात्री काढून ठेवते, सकाळी परत भरते.” त्यांनी घडीवरून हात फिरवला. “त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांना वाटतं मला कळत नाही. वाटू दे.”

मग त्यांनी विचारलं, “परत कशाला काढताय?”

“डागाची खात्री करायला.”

“हं,” मामी म्हणाल्या. त्यांनी पिशवीचे बंद नीट बांधले आणि ती पुन्हा मांडीवर घेतली.

मी बाथरूमचं दार थोडं ढकलून कपडे आत दिले. नळ चालू होता. मामा साबण लावून चोळत होते, त्याचा आवाज येत होता. नळ थांबला.

“हा पायजमा माझा आहे. इथे कुठून आला?”

“मामींच्या पिशवीत होता.”

आत घडी उलगडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “किती दिवसांपासून?”

“त्यांनाच विचारा.”

“हं,” म्हणाले. अगदी मामींसारखंच. नळ पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्यांदा ते टेबलावर स्वतःच चढून नीट आडवे झाले. मी चादर बदलली होती, उशीचं कव्हर बदललं होतं, टेबल पुसलं होतं. ते मान उचलून सगळं तपासत होते.

“टेबलाखालून पुसलंस?”

“पुसलं.”

“किती वेळ?”

“कमरेपुरतं चार मिनिटं.”

“दोनशे चाळीस,” मामा म्हणाले आणि हसले. “हलणार नाही मी. शिंकणारही नाही.”

मी काचेअलीकडे येऊन बसले. मशीन सुरू झालं. आतला आवाज ऐकू यावा म्हणून एक स्पीकर असतो, त्यातून कुजबुज यायला लागली. एक, दोन, तीन. मी पडद्याकडे बघत होते आणि माझेही ओठ हलायला लागले. मी देवाला फारशी मानत नाही. पण साठच्या पुढे कुठेतरी मी म्हणायला लागले, की मी बघितलेला काप चुकीचा असू दे. माझे डोळे चुकलेले असू देत. मशीन बिघडलेलं असू दे, दुरुस्तीचं मी बघते. चिकटपट्टीचा एखादा तुकडा कुठेतरी असू दे.

दोनशे चाळीसला मामा थांबले आणि त्याच क्षणी मशीन थांबलं.

चित्र जुळायला दोन मिनिटं जातात. तेवढ्यात ते उतरून आले. पुन्हा दोनदा ठोठावलं. या वेळी मी ‘या’ म्हणाले नाही. उठून दार मीच उघडलं आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. काय व्हायचं असेल ते त्यांना त्यांच्या जागी बसून बघता यावं, असं मला वाटलं. नियम मोडायचाच होता, तर तो सरळ मोडला.

मांडीचा ठिपका गेला होता. तिथे काहीच नव्हतं.

“बघ,” मामा म्हणाले, “बघ, गेला.” आणि मग त्यांची नजर डावीकडे गेली.

तो तिथेच होता. मघापेक्षा ठळक.

मामा पुढे झुकले. त्यांनी चष्मा काढला, गाउनच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. कोपरे बघितले. कडा बघितल्या. मी मागे उभी होते. बाहेरच्या पेशंटचा मुलगा कुणाशी तरी फोनवर बोलत होता, त्याचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

“कॅसेट बदलली?” मामांनी विचारलं.

“कॅसेट नसते आता, मामा.”

“हो. नसते.” मग म्हणाले, “धुतलं?”

“धुतलं.”

“परत काढली?”

“काढली.”

“जागा तीच?”

त्यांनी वळून बघितलं नाही, उत्तराची वाट बघत राहिले. मला शिकवताना थांबायचे तसेच.

“तीच,” मी म्हणाले.

“मग आपला नाही,” मामा म्हणाले. आवाज खाली गेला होता. “पेशंटचा आहे.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला, उलट माझंच काही बिघडलं असावं तसा. “चांगली काढलीस,” म्हणाले. “अजिबात हललेली नाही.” मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, उठताना क्षणभर थांबले, आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेले.

मी पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्याला तोच प्रश्न विचारला, त्याने तेच उत्तर दिलं, मी त्याला परत बाथरूमला पाठवलं. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर आले तर मामी बाकावरून उठून त्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या.

“अजून आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “आत दिवाही नाही.”

दाराखालच्या फटीत खरंच अंधार होता. त्या खोलीला खिडकी नाही. मी दोनदा ठोठावलं.

“मामा, येऊ का?”

“थांब,” आतून आवाज आला. “उजेड नको अजून.”

मामींनी माझ्याकडे बघितलं. त्या काही विचारतील म्हणून मी मन घट्ट केलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि कान दाराला लावला.

“काहीतरी पुटपुटताहेत.”

“मोजताहेत,” मी म्हणाले.

“कुठपर्यंत?”

“दोनशे चाळीस.”

आम्ही दोघी उभ्या राहिलो. जवळ उभं राहिलं की आकडे कळत होते. एकशे ऐंशी. दोनशे दहा. मामींचा हात दाराच्या मुठीवर होता, पण त्यांनी ती फिरवली नाही. दोनशे अडतीस, दोनशे एकोणचाळीस, दोनशे चाळीस.

मामा थांबले नाहीत. दोनशे एक्केचाळीस म्हणाले, आणि मोजत राहिले.